ग्लायडर पडू द्या, हात लावू नका

शिक्षक मित्र-मैत्रिणींनो, मुलं ग्लायडर बनवायला बसली की आपलेच हात शिवशिवतात. मागच्या वर्षी माझे शिवशिवले. चौथीतल्या एका मुलीचा ग्लायडर सारखा नाक वर करून धपकन पडत होता. मी तो तिच्या हातातून घेतला, टोकाला मातीची गोळी लावली आणि सोडला. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मस्त गेला! मुलांनी टाळ्या वाजवल्या. ती मात्र म्हणाली, "सर, आता हा तुमचा झाला." नंतर तिने त्याला हात लावला नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. ग्लायडर उडवून दाखवणं हे आपलं काम नाही. तो सुधारता येईल असा बनवून घेणं, एवढंच आपलं काम.

साहित्य घरचंच. जुन्या लग्नपत्रिकेतून साधारण २४ सेंमी लांब, ५ सेंमी रुंद पंख कापा. पतंगाची कामटी घ्या, मागे छोटी आडवी आणि उभी शेपटी लावा. शेपटी चिकटवा, पण पंख रबरबँडने बांधा. बरेच जण इथेच चुकतात. पंख पक्का चिकटला की तो पुढे-मागे सरकवता येत नाही, मग मूल सुधारणार काय?

तुम्हाला मात्र माहीत असू द्या. नाक वर करून पडला तर नाक हलकं आहे. गोळी वाढवायची किंवा पंख थोडा मागे सरकवायचा. सरळ खाली घुसला तर याच्या उलट. एकाच बाजूला वळला तर पंख पिळला असेल किंवा शेपटी वाकडी असेल. डोलत असेल तर पंखांची टोकं जराशी वर वाकवायची. हे सगळं लगेच सांगून टाकू नका. एका वेळी एकच बदल, प्रत्येक बदलानंतर तीन वेळा सोडणं, किती फरशा गेला ते वहीत लिहिणं, एवढाच नियम ठेवा.

राइट बंधूंचा १९०१ चा ग्लायडर त्यांच्या हिशेबाइतका उचललाच गेला नाही. मग त्यांनी स्वतःच वाऱ्याची पेटी बनवून छोटे छोटे पंख तपासले आणि १९०२ चा ग्लायडर बनवला. त्याचीही पक्की बसवलेली शेपटी नंतर हलती केली. इंजिन आलं ते १९०३ मध्ये.

आणि आकारिक मूल्यमापनात आपण गुण कशाला देतो? रंगवलेल्या, चमकी लावलेल्या ग्लायडरला! तो बहुतेक वेळा पालकांनीच बनवलेला असतो, हे आपल्यालाही कळतं. गुण त्या वहीला द्या ना. "तास जातात" म्हणाल, तर हो, दोन-तीन तास जातात. पण मोजमाप, सरासरी, गुरुत्वमध्य सगळं त्यातच येतं.

पहिल्या चाचण्या वर्गात किंवा व्हरांड्यात घ्या, मैदानावरच्या वाऱ्यात काहीच कळत नाही.

ती मुलगी आता पाचवीत आहे. परवा मधल्या सुट्टीत जुनी लग्नपत्रिका मागायला आली. मी दिली, कशाला ते विचारलं नाही.