खोटं ठरवायचं कोणी?

‘खोटी बातमी छापली की पेपरच बंद करा, चॅनलला टाळं ठोका,’ हे वाक्य जालन्याच्या मोंढ्यात चहा पिता पिता सहज ऐकू येतं. बोलणाऱ्याला वेड्यात काढता येत नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात काय झालं, ते आपण पाहिलं. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज फिरत होते. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. खोट्याने कुणाचं काय बिघडतं, असं म्हणणाऱ्याने ती खोली आठवावी.

पण तेव्हा कायदा नव्हता का? अफवा पसरवून लोकांना भडकवणाऱ्यासाठी दंडविधानात ५०५ कलम होतंच. आता न्याय संहितेत तेच ३५३ होऊन बसलंय. कमी पडलं ते कलम नव्हे. पोलीस वेळेवर पोचवणारी यंत्रणा कमी पडली.

आता आपल्याच जिल्ह्यात या. १ सप्टेंबर २०२३ ला अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या उपोषणस्थळी लाठीमार झाला. आधी दगड की आधी लाठी? पोलीस एक सांगत होते, गावकरी दुसरंच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी लाठीमाराबद्दल क्षमा मागितली. आता समजा, खोटी बातमी रोखायचा अधिकार त्या रात्री मंत्रालयाकडे असता, तर गावकऱ्यांची बाजू छापणाऱ्या पेपरावर कुठला शिक्का बसला असता? लाठी ज्याची, शिक्काही त्याचाच! भांडणातल्या एका पक्षालाच पंच नेमायचं, हे गावच्या बैठकीतही कुणी चालवून घेत नाही.

केंद्राने २०२३ साली नियमांत दुरुस्ती करून हेच करून पाहिलं. केंद्र सरकारच्या कारभाराबद्दलचा ऑनलाइन मजकूर खोटा की खरा, हे सरकारनेच नेमलेला कक्ष ठरवणार होता. विनोदी कलाकार कुणाल कामरा आणि इतरांच्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये ती दुरुस्ती रद्द केली. बरं झालं.

निजामाच्या काळी आ. कृ. वाघमारे यांचं ‘मराठवाडा’ हे पत्र बंद पाडलं गेलं, तर ते दुसऱ्या नावाने निघालं. बंदीने वाचक तुटला नाही. उलट बंदी आली म्हणजे काहीतरी खरं असणार, अशी समजूत वाढली. इंटरनेटबंदीचंही तेच. मराठा आंदोलनाच्या वेळी २६ फेब्रुवारी २०२४ ला अंबड तालुक्यात संचारबंदी लागली, जालन्यासह तीन जिल्ह्यांत इंटरनेट बंद झालं. इंटरनेट नसलं तरी अफवा मोटारसायकलवर बसून गावोगाव जाते. तिचा खुलासा मात्र मोबाइलमध्येच अडकून पडतो.

मग मोकाट सोडायचं? मुळीच नाही. माझी तक्रार सरकारइतकीच माझ्या धंद्यातल्या लोकांवरही आहे. पहिल्या पानावर आठ कॉलमी मथळ्यात एखाद्या माणसाला चोर ठरवायचं आणि दहा दिवसांनी सातव्या पानाच्या कोपऱ्यात, टेंडर नोटिशीच्या खाली, दोन ओळींचं ‘शुद्धिपत्रक’ टाकायचं. भिंग घेऊन शोधावं लागतं ते. १९७८ च्या कायद्याने चालणारी प्रेस कौन्सिल फार तर समज देते, निषेध नोंदवते. तिला दंड करता येत नाही, आणि वाहिन्या तर तिच्या कक्षेतच नाहीत.

तेव्हा अधिकार द्यायचाच तर सरकारबाहेरच्या अशा परिषदेला द्या, आणि तोही एवढाच: चूक ज्या पानावर, ज्या आकारात छापली, त्याच पानावर, त्याच आकारात दुरुस्ती. वाहिनीने रात्री नऊला खोटं सांगितलं असेल, तर रात्री नऊलाच माफी. बदनामी झाली, नुकसान झालं, तर न्यायालय आहेच.

उद्या तुमच्या पेपरात चुकीची बातमी दिसली, तर कलेक्टर कचेरीत निवेदन नेऊ नका. संपादकाला पत्र टाका. आणि दुरुस्ती कितव्या पानावर आली, तेवढं बघा.