पंधरा वर्षांच्या आधी

१२ मे हा जागतिक परिचारिका दिन. २०२५ मध्ये याच दिवशी दुबईचे युवराज शेख हमदान यांनी ‘दुबई हेल्थ’ या आरोग्यसंस्थेत पंधरा वर्षांहून अधिक सेवा झालेल्या परिचारिकांना गोल्डन व्हिसा देण्याची घोषणा केली. हा व्हिसा मालकाच्या मर्जीवर अवलंबून नसतो. आखातात राहिलेल्या माणसाला यातला दिलासा समजावून सांगावा लागत नाही. पण ज्या सिस्टरची पंधरा वर्षे व्हायची आहेत, तिचे काय?

इथल्या रुग्णालयांत एकाच पाळीत केरळची, मनिलाची, कैरोची आणि आपल्या सांगली-कोल्हापूरकडची मुलगी काम करते. नोकरीवर व्हिसा, व्हिसावर गावाकडचे हप्ते. रात्रपाळीत तिच्या लक्षात येते की, सारख्याच दिसणाऱ्या दोन औषधांच्या कुप्या एकाच खणात आहेत. घाईत हात चुकायला वेळ लागणार नाही. खण वेगळे करा, एवढेच तिला सांगायचे असते. सकाळी हँडओव्हरला ती ते सांगेल का, हे चार्ज नर्सच्या चेहऱ्यावर ठरते. मागे कुणाला ‘इतके दिवस काय करत होता?’ असे ऐकावे लागले असेल, तर कुप्या तिथेच राहतात.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील रुग्णालयांच्या ज्या विभागांत नेतृत्व चांगले, तिथेच औषधांच्या चुका अधिक नोंदलेल्या आढळल्या. तिथे चुका लपवल्या जात नव्हत्या, असा त्यांनी लावलेला अर्थ आम्हाला पटतो. चूक सांगता येत नाही तिथे नवी कल्पना कोण सांगणार?

विश्वास टाकला की काय घडते, याचे मुंबईच्या शीव रुग्णालयातले उदाहरण तर आपल्या घरचे. नवजात अर्भकांच्या कक्षात जंतुसंसर्गाने बाळे दगावत होती. डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी बाटली आणि पावडरचे दूध हटवले, मातांना कक्षात आणून बाळांच्या देखभालीत सामील करून घेतले. पुढे १९८९ मध्ये तिथेच आशियातील पहिली मातृदुग्ध पेढी उभी राहिली. महापालिकेच्या रुग्णालयात, पैशाची चणचण असताना! कक्षाच्या दाराबाहेर थांबवल्या जाणाऱ्या बाईवर विश्वास टाकण्याचे धैर्य विभागप्रमुखाने दाखवले, म्हणून हे घडले.

अमिरातींत यंत्रांची वाण नाही. दर फेब्रुवारीत नवोपक्रमांचा महिना साजरा होतो, प्रदर्शने भरतात. त्याचे आम्हाला कौतुकच आहे. पण नव्या सिस्टरला पंधरा वर्षांनी मिळणारी निर्भयता पहिल्याच आठवड्यात देणे तिच्या मेट्रनच्या आणि वैद्यकीय संचालकांच्या हाती आहे. त्यासाठी वेगळी तरतूद लागत नाही. तिने सांगितलेली अडचण त्याच पाळीत नोंदवावी, जमण्यासारखी दुरुस्ती त्याच दिवशी करावी, जमत नसेल तर का ते तिला समोर बसवून सांगावे. आणि सुधारणा वर कळवताना कागदावर तिचे नाव घालावे.