मदतीचा ट्रक आणि दोन ते आठ अंश

पूर आला की आमच्या कोल्हापुरात मदतीला कुणाला बोलवावं लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली (धोक्याची पातळी ४३!), शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, कितीतरी भागांत वीज नव्हती. पाणी उतरलं तशा ट्रकच्या रांगा लागल्या. भाकरी, चादरी, बिस्किटं... आणि औषधंही. कौतुक आहेच. पण औषधांबाबत माझं एक ठाम मत झालंय.

भाकरी विटली की वास येतो. लस निकामी झाली तरी बाटली बहुतेकदा तशीच दिसते. सुई टोचली जाते, माणूस निर्धास्त होतो आणि संरक्षण मात्र मिळालेलंच नसतं.

लस २ ते ८ अंशांत राहायला हवी. आपल्याला वाटतं, भीती फक्त उकाड्याची. तसं नाही हो! धनुर्वाताची लस गोठली तरी वाया जाते. म्हणून तर आइसपॅक हलवल्यावर आत पाणी वाजेपर्यंत बाहेर ठेवायचे आणि मगच पेटीत भरायचे, हा आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांचा रोजचा धडा. बाटलीवरच्या वर्तुळात एक फिकट चौकोन असतो. उष्णतेनं तो गडद होत जातो. वर्तुळाइतका झाला की बाटली बाद. पण गोठल्याचं तो सांगत नाही. आणि इन्सुलिनवर तर असली खूणच नसते.

सरकारी केंद्रांतल्या फ्रिजवर आता 'ईविन' यंत्रणेची नजर असते. पण पुढची बोट, जीप, शाळेतलं शिबिर? तिथं कोण बघतं?

म्हणून माझं म्हणणं: थंड लागणारी औषधं हौसेनं ट्रकात टाकू नयेत. ती आरोग्य खात्यामार्फतच जावीत. प्रत्येक शिबिरात पेटीत थर्मामीटर, शेजारी वही, आणि दिवसातून दोनदा आकडा लिहिणारा एक ठरलेला माणूस हवा. सर्पदंशाचं औषध भुकटीच्या रूपातलं मागवावं, ते फ्रिजविनाही टिकतं.

"लोक बुडताहेत आणि तुम्ही थर्मामीटर काय दाखवता?" असं कुणी म्हणेलच. पण निकामी औषध देणं ही मदत नव्हे, नकळत केलेली फसवणूक आहे.

नातेवाईक मंडळींसाठी जाता जाता: वापरात असलेली इन्सुलिनची बाटली साधारण चार आठवडे घरातल्या गार जागी चालते. वीज गेली म्हणून ती बर्फात खुपसू नका!

तुमच्या गावात ही वही कोण लिहितं? जरूर कळवा.