यष्टिरक्षक कितवा घ्यायचा?

बंगळुरूहून होसूरकडे जाताना इलेक्ट्रॉनिक्स सिटी मागे टाकली, की बोम्मसंद्रा लागतं. एकेकाळचं साधं गाव, आता कारखान्यांची वसाहत. मेट्रोच्या पिवळ्या मार्गिकेचं उद्घाटन १० ऑगस्ट २०२५ला झालं, तेव्हा आर. व्ही. रोडपासून निघालेली ही एकोणीस किलोमीटरची वाट बोम्मसंद्रापाशी येऊन थांबली. शिफ्ट सुटण्याच्या वेळेला इथे कन्नड, तमीळ, तेलुगू, हिंदी आणि अधूनमधून मराठीही कानावर पडते. भाषा कुठलीही असो, आयपीएलच्या दिवसांत विषय एकच. ‘‘आज टीममध्ये कोण घेतलास रे?’’

ही टीम कोहलीची किंवा धोनीची नव्हे. ही ज्याची त्याची, मोबाइलवर मांडलेली. खऱ्या सामन्यातले अकरा खेळाडू निवडायचे, त्यांनी मैदानावर जे केलं त्याचे गुण मोजायचे आणि ज्याचे गुण जास्त तो जिंकला. याला म्हणतात फॅन्टसी क्रिकेट. २००८ साली मुंबईत सुरू झालेल्या ‘ड्रीम इलेव्हन’नं हा खेळ घराघरांत नेला. २०२० साली तर याच कंपनीचं नाव आयपीएलच्या आधी लागलं आणि २०२३मध्ये ते भारतीय संघाच्या छातीवर झळकलं.

पण खेळात पैसा शिरला, की खेळ खेळ राहत नाही. कर्नाटक सरकारनं ऑक्टोबर २०२१मध्ये कायद्यात दुरुस्ती करून पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. १४ फेब्रुवारी २०२२ला कर्नाटक उच्च न्यायालयानं त्यातली मुख्य कलमं रद्द केली. गंमत पाहा, त्याच्या आदल्याच दोन दिवशी, १२ आणि १३ फेब्रुवारीला, याच बंगळुरूत आयपीएलचा मोठा लिलाव पार पडला होता! पुढे ऑगस्ट २०२५मध्ये संसदेनंच कायदा केला. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा जुना वाद बाजूला ठेवून पैसे लावून खेळवले जाणारे सगळेच ऑनलाइन खेळ त्यानं निषिद्ध ठरवले. खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. अशा खेळांपायी सुमारे ४५ कोटी लोकांना झळ बसते आणि वर्षाला वीस हजार कोटींहून अधिक रक्कम बुडते, असा सरकारचा अंदाज होता. कायदा होताच ‘ड्रीम इलेव्हन’नं पैशाच्या स्पर्धा थांबवल्या.

मग हा खेळ संपला का? मुळीच नाही. उलट तो जिथून निघाला, तिथे परत जाण्याची ही संधी आहे. कारण मुळात हा खेळ ना मोबाइलचा, ना लाखो अनोळखी माणसांचा. तो दहाबारा मित्रांचा, एका टेबलाभोवती बसून खेळायचा.

न्यूयॉर्कचं उपाहारगृह

गोष्ट अमेरिकेतली आहे. डॅनियल ओक्रेंट नावाच्या लेखक-संपादकानं बेसबॉलचा एक कागदी खेळ रचला. त्याची मित्रमंडळी मॅनहॅटनमधल्या ‘ला रोटिसरी फ्रान्सेज’ या उपाहारगृहात जेवायला जमत. त्यावरून १९८०मध्ये सुरू झालेल्या या खेळाचं नाव पडलं रोटिसरी लीग. नियमाचा गाभा एकच : एक खेळाडू एकाच मालकाचा. तुम्ही त्याला घेतलंत, की दुसऱ्याला तो मिळणार नाही. आळीपाळीनं निवड करायच्या पद्धतीला तिकडे ‘ड्राफ्ट’ म्हणतात.

मोबाइलवरच्या खेळात आणि या खेळात जमीन-अस्मानाचा फरक पडतो तो इथेच. मोबाइलवर लाखो लोक एकाच वेळी कोहलीला घेऊ शकत. ड्राफ्टमध्ये कोहली एकालाच मिळतो. त्यामुळे ‘सर्वांत चांगला कोण?’ एवढंच विचारून भागत नाही. ‘मी थांबलो, तर मागे काय उरेल?’ हे विचारावं लागतं.

बेसबॉलमध्ये या प्रश्नाची खरी कसोटी लागते ती ‘फर्स्ट बेसमन’च्या बाबतीत. पहिल्या बेसवर उभा राहणारा हा खेळाडू. त्यानं सहकाऱ्यांनी फेकलेले चेंडू खात्रीनं पकडायचे असतात, फार धावाधाव करायची नसते. म्हणून संघ तिथे आपला दांडगा फटकेबाज उभा करतात. न चुकता सलग २,१३० सामने खेळणारा लू गेरिग याच जागेवरचा आणि ७०३ होमरन मारणारा अल्बर्ट पुहोल्सही बहुतेक काळ इथलाच. आता जिथे फटकेबाजांची रेलचेल, तिथे पहिला आणि पाचवा यांत अंतर थोडं. मग पहिल्याच फेरीत घाई कशाला?

मंडईत जाणाऱ्या गृहिणीला हे कुणी शिकवावं लागत नाही. हरितालिकेच्या आदल्या दिवशी ती आधी केवड्याकडे धाव घेते, बटाटे परतीच्या वाटेवर घेते. केवडा बटाट्यापेक्षा उपयोगी म्हणून नव्हे, तर तो संध्याकाळी उरणार नाही म्हणून!

ग्लोव्ह्जवाल्यांची चंगळ

क्रिकेटमध्ये फर्स्ट बेसमनच्या जवळ जाणारी जागा यष्टिरक्षकाची. पण ही जागा पूर्वी अशी नव्हती. कर्नाटकचा सय्यद किरमाणी ८८ कसोटी खेळला, १९८ बळी टिपले, १९८३च्या विश्वचषकात सर्वोत्तम यष्टिरक्षक ठरला. पण त्याची निवड व्हायची ती ग्लोव्ह्जमुळे. धावा झाल्या तर वरकमाई. मग काळ पालटला. ऑस्ट्रेलियाच्या गिलख्रिस्टनं सगळं गणितच बदललं. आपल्याकडे बंगळुरूत वाढलेल्या मराठी घरातल्या राहुल द्रविडनं २००३च्या विश्वचषकात ग्लोव्ह्ज चढवले, ते संघात एक फलंदाज जास्त खेळवता यावा म्हणून. आणि धोनीनंतर तर उलटंच झालं. हातात ग्लोव्ह्ज असलेला फलंदाज हाच सर्वांत महाग झाला. २००८च्या पहिल्या लिलावात सर्वांत महागडा धोनी, १५ लाख डॉलर. २०२२मध्ये बंगळुरूत सर्वांत महागडा ईशान किशन, सव्वापंधरा कोटी. नोव्हेंबर २०२४मध्ये जेद्दाला ऋषभ पंत, सत्तावीस कोटी. तिघंही यष्टिरक्षक!

म्हणून ड्राफ्टला बसणारा नवखा पहिल्या फेरीतच यष्टिरक्षकावर झडप घालतो. ते बरोबर का? २०२५च्या आयपीएलच्या आकड्यांवर ताडून पाहू या. समजा, बोम्मसंद्राच्या एखाद्या कारखान्यातले दहा जण जमले. प्रत्येकाला अकरा खेळाडू घ्यायचेत, त्यांत एक यष्टिरक्षक. म्हणजे एकूण यष्टिरक्षक लागतात दहा.

यादीतली नावं एकाखाली एक लिहिली, की एक गोष्ट चटकन दिसते. ही उतरंड सरळ उतरत नाही, तिला पायऱ्या आहेत.

पहिली पायरी : प्रभसिमरन सिंग ५४९ धावा, के. एल. राहुल ५३९, जॉस बटलर ५३८, निकोलस पूरन ५२४, हाइनरिख क्लासेन ४८७.

दुसरी पायरी : फिल सॉल्ट ४०३, रायन रिकल्टन ३८८, ईशान किशन ३५४.

तिसरी पायरी : अभिषेक पोरेल ३०१, संजू सॅमसन २८५, ऋषभ पंत २६९, जितेश शर्मा २६१.

पहिल्या पायरीवरच्या पहिल्यात आणि पाचव्यात फरक किती? अख्ख्या मोसमात ६२ धावांचा. फॅन्टसीत धावेला एक गुण, झेलाला आठ, यष्टिचीतला बारा आणि गोलंदाजाच्या बळीला पंचवीस असा हिशेब रूढ झाला होता. म्हणजे ६२ धावांचा फरक आठ झेलांत भरून निघतो! म्हणूनच यादीत नाव यष्टिरक्षकांत असलं, तरी प्रत्यक्ष यष्टींमागे कोण उभा राहतो, हे पाहायला हवं. लखनौच्या संघात पूरनचं नाव यष्टिरक्षक म्हणून घेतलं जातं, पण ग्लोव्ह्ज घालायचा पंत. झेलांचे गुण कुणाच्या खात्यात गेले, हे वेगळं सांगायला नको.

उलट अष्टपैलूंकडे पाहा. २०२५मध्ये दोनशेहून अधिक धावा आणि दहा किंवा अधिक बळी अशी दुहेरी कमाई रवींद्र जाडेजा, सुनील नरीन, हार्दिक पंड्या अशा मोजक्यांनीच केली. प्रत्येकानं दोन अष्टपैलू घ्यायचं ठरवलं, तर दहा जणांना वीस लागतात. विसाव्या नावापर्यंत जाताना यादी पार आटून जाते. तेव्हा पहिल्या फेऱ्या इथे खर्च कराव्यात आणि यष्टिरक्षकासाठी थांबावं. मात्र किती थांबायचं, याला मर्यादा आहे. पहिल्या पायरीवर एकच नाव उरलं आणि आपली पाळी पुन्हा यायला वेळ असला, की ते उचलावं. कारण पाचव्यानंतर एका उडीत ८४ धावा घसरतात. पायरीच्या आत निवांत राहा, पायरीच्या कडेला जागे राहा, एवढंच यातलं सूत्र.

आणखी दोन गोष्टी वहीत टिपून ठेवाव्यात. पहिली, फलंदाजीचा क्रमांक. सलामीला येणाऱ्याला खेळायला चेंडू भरपूर मिळतात, सहाव्या-सातव्या क्रमांकावर येणाऱ्याला उरलेसुरले. धोनीनं २०२५मध्ये १९६ धावा केल्या, त्या अशाच शेवटच्या षटकांतल्या. दुसरी, खेळाडूची हजेरी. भारत-पाकिस्तान तणावामुळे त्या वर्षी मे महिन्यात स्पर्धा आठवडाभर थांबली आणि अंतिम सामना ३ जूनवर गेला. बटलर आणि रिकल्टन बाद फेरीच्या आधीच आपापल्या देशांच्या संघांकडे निघून गेले. ज्यांच्याकडे पर्याय नव्हता, त्यांनी ऐन मोक्याच्या वेळी कपाळावर हात मारला असणार!

सत्तावीस कोटी विरुद्ध अकरा कोटी

एवढं सगळं करून यश हमखास का? २७ मे २०२५ची लखनौची रात्र आठवा. तोवर सत्तावीस कोटींच्या पंतच्या नावावर अख्ख्या मोसमात १५१ धावा होत्या. त्या रात्री त्यानं ६१ चेंडूंत नाबाद ११८ ठोकल्या. लखनौचा संघ २२७वर पोचला. उत्तर दिलं ते बंगळुरूच्या यष्टिरक्षकानं. अमरावतीचा जितेश शर्मा, बोली अकरा कोटींची, त्या सामन्यात हंगामी कर्णधार. ३३ चेंडूंत नाबाद ८५! बंगळुरूनं आठ चेंडू राखून सामना मारला. आठवडाभरानं, १८व्या मोसमात, या संघानं पहिल्यांदा आयपीएल जिंकली.

म्हणजे तिसऱ्या पायरीवरचे दोघं एकाच रात्री, एकाच मैदानावर, मोसमातली सर्वांत मोठी खेळी करून गेले. हिशेब मोसमाचा असतो, रात्र कुणाचीही असू शकते. दहा मित्रांचा ड्राफ्ट दोन महिने चालतो, तिथे एखादी अशी रात्र चुकली तरी हिशेबाला पुढे सत्तर सामने असतात आणि विचार करणाऱ्याला त्याचं फळ मिळतं. पैशाच्या स्पर्धा मात्र रोजच्या एका सामन्यावर चालायच्या. दर रात्री नवा संघ, नवी फी, नवी हुरहूर. फीतला काही वाटा कंपनीचा, म्हणजे सगळ्या खेळणाऱ्यांनी मिळून भरलेल्या रकमेपेक्षा परत येणारी रक्कम कमीच. एखाद्याला कोटी मिळाल्याची जाहिरात दिसायची, बाकीच्यांचे पन्नास-पन्नास रुपये दिसायचे नाहीत. महिन्याचा पगार घरी पाठवणाऱ्या तरुणाला हे पन्नास कधी पाच हजार झाले, ते कळायचंही नाही. कळायचं ते घरी, मनीऑर्डरच्या जागी आता आलेल्या मोबाइलच्या मेसेजवर आकडा कमी दिसला की.

तेव्हा घरातला मुलगा वही-पेन घेऊन यष्टिरक्षकांची यादी करताना दिसला, तर लगेच रागावू नका. आधी एवढंच विचारा, ‘‘बाळा, पैसे लावलेत का?’’ नाही म्हणाला, तर शेजारी बसा. आकडे मांडणं, पायऱ्या ओळखणं, कुठे घाई करायची आणि कुठे थांबायचं हे ठरवणं, यात वाईट काहीच नाही. वाटल्यास आजीलाही सामील करून घ्या. केवडा आधी की बटाटे, हे तिला त्याच्यापेक्षा चांगलं कळतं.