द्रावणातले रूपदर्शन

इन्सुलिनपासून सेमाग्लुटाइडपर्यंतची पेप्टाइड-औषधे मधुमेहाच्या निमित्ताने घरोघरी पोहोचली असताना, त्यांच्या रेणूंची घडण शास्त्रज्ञांना उमगते कशी, ही हकीकत मराठी वाचकांपुढे तपशीलवार मांडावी, या हेतूने आम्ही प्रस्तुत अंक अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनास, म्हणजेच एनएमआरला, वाहिला आहे.

रेणूचे स्फटिक न करता, द्रावणातच, सुमारे ५ अँगस्ट्रॉमच्या आत आलेल्या हायड्रोजन-केंद्रकांचे सान्निध्य टिपून त्याची त्रिमित आकृती सिद्ध करणाऱ्या या विद्येसाठी कुर्ट व्यूथ्रिख २००२ साली नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. सागरी शंखगोगलगाईच्या विषातील, २५ अमिनो आम्लांच्या आणि तीन गंधकबंधांनी आवळलेल्या पेप्टाइडाची आकृतीही याच मार्गाने उलगडली. त्याचेच कृत्रिम रूप असलेल्या झिकोनोटाइड या वेदनाशामकास अमेरिकेत २००४ मध्ये मंजुरी मिळाली. विषातून औषधाकडे नेणारी ही वाट अंकाचा मध्यवर्ती विषय असून, अभ्यासकांनी व जिज्ञासूंनी आपले अभिप्राय आम्हांस अवश्य कळवावेत.