तक्रार करील कोण?

वाचकहो, आपल्या वस्तीतील एखादा मुलगा वा मुलगी एच-१बी व्हिसावर अमेरिकेस निघाली की पेढे वाटले जातात, आणि ते योग्यच आहे. परंतु नोकरीचा जो करार त्यांच्या हाती दिलेला असतो, तो किती घरांत वाचला जातो?

कायदा वाईट नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. १९९० च्या कायद्याने ही योजना उभी राहिली. परदेशी कामगार आणणाऱ्या मालकास अमेरिकेच्या श्रम खात्याकडे लेखी हमी द्यावी लागते की, त्या भागात त्या कामाचे प्रचलित वेतन, किंवा आपल्याच कचेरीत तशा माणसास मिळणारे वेतन, ह्यांपैकी जे अधिक असेल ते मी देईन. काम नाही म्हणून कामगारास बिनपगारी बसवून ठेवण्यास १९९८ च्या दुरुस्तीने मनाई केली. व्हिसाच्या अर्जाचा व वकिलाचा खर्च मालकाचा. मुदतीपूर्वी नोकरी सोडल्याबद्दल दंड घेता येत नाही. खऱ्या नुकसानीची भरपाई मात्र निराळी, आणि दंडालाच भरपाई हे नाव देण्याची युक्ती मालकांना चांगली अवगत आहे.

पण ही हमी पाळली जाते की नाही, हे तपासतो कोण? येथे कायद्यानेच श्रम खात्याचे हात बांधले आहेत. अर्ज अपुरा आहे काय, त्यात उघड चूक आहे काय, एवढेच पाहावयाचे व सात दिवसांत मंजुरी द्यावयाची. पुढे चौकशी व्हावयाची ती बहुधा कोणी तक्रार केली तरच.

आता तक्रार करणाराची स्थिती पाहा. त्याचा व्हिसा मालकाच्या अर्जावर उभा. नोकरी गेली की जास्तीत जास्त साठ दिवस. तेवढ्यात दुसरा मालक मिळाला नाही तर बायकोमुलांसह देश सोडावयाचा. कायम वास्तव्याचा अर्जही बहुधा त्याच मालकाने केलेला, आणि कोणत्याही एका देशास सात टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीयांची रांग वर्षानुवर्षांची. विहिरीत उतरलेल्या माणसाने वर दोर धरून उभ्या असलेल्यावर फिर्याद करावी, अशी ही व्यवस्था आहे! मग खात्याच्या दप्तरी तक्रारी थोड्या दिसल्या, तर त्यावरून मालक सज्जन ठरतात काय?

वेतनाची गोष्ट तर कायद्याच्या आत राहूनच घडते. प्रचलित वेतनाच्या चार पायऱ्या आहेत. इकॉनॉमिक पॉलिसी इन्स्टिट्यूटने २०२० साली दाखवून दिले की, २०१९ मध्ये मंजूर झालेल्या एच-१बी जागांपैकी ६० टक्के जागा खालच्या दोन पायऱ्यांवर, म्हणजे त्या भागातील मध्यम वेतनाच्याही खाली होत्या.

सप्टेंबर २०२५ मध्ये श्रम खात्याने ‘प्रोजेक्ट फायरवॉल’ जाहीर केला. तक्रारीवाचून, मंत्र्याच्या स्वतःच्या प्रमाणपत्राने चौकशी सुरू करण्याचा कायद्यातील अधिकार त्याखाली वापरावयाचा आहे. पाऊल योग्य आहे. मात्र त्याचा जाहीर हेतू अमेरिकन कामगाराची नोकरी राखणे हा आहे. आपल्या मुलांचा बुडालेला पगार वसूल झालाच तर तो त्या अनुषंगाने होईल, एवढेच.

माझ्याकडे पालक जे करार घेऊन येतात, त्यांत कोरे धनादेश व मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेण्याची अट मी पाहिली आहे. अशा कागदावर सही करू देऊ नका. मालकाने श्रम खात्यास दिलेल्या हमीची प्रत कामावर रुजू होण्याच्या दिवसापर्यंत कामगारास मिळालीच पाहिजे, हा त्याचा हक्क आहे. ती मागून घ्यावयास सांगा आणि तिची एक नक्कल घरी ठेवा. पगाराच्या चिठ्ठ्याही दरमहा मागवा. तक्रारीचा नमुना डब्ल्यूएच-४ हा होय, आणि तक्रार केल्याबद्दल सूड उगविण्यास कायद्याने बंदी आहे. मुदत बारा महिन्यांची. ती शेवटचे उल्लंघन घडले त्या दिवसापासून मोजावी.