तीस किलोमीटरचा वळसा

लहानपणी अकोटच्या मामांसोबत खांडव्याला जायचं म्हणजे मीटर गेजची गाडी. अडगाव, हिवरखेड मागे पडलं आणि वान रोड स्टेशन आलं की दोन्ही खिडक्यांत सागवान दाटायचं. धुळघाटाजवळ रूळ मोठा वेढा घेऊन स्वतःलाच ओलांडत. मघाशी जिथून आलो ते रूळ खाली दिसायचे. मामा दरवेळी मला उठवून ते दाखवत.

2017 उजाडताना ती गाडी बंद झाली. ब्रॉडगेजचं काम अकोटपर्यंत आलं, 2022 च्या नोव्हेंबरात अकोला-अकोट गाडी धावली. पुढे आमला खुर्दपर्यंतचा मार्ग मात्र अडला, कारण जुन्या मार्गाचे सुमारे 39 किलोमीटर मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जातात. प्रकल्पाबाहेरून हिवरखेड, सोनाळा, जामोदकडून तुकईथडला जाणारा मार्ग सुचवला गेला. तो सुमारे 30 किलोमीटरनं लांबचा. 2021 मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनीही रेल्वेमंत्र्यांना पत्र लिहून बाहेरचाच मार्ग घेण्याची विनंती केली. शेवटी रेल्वेनं तो स्वीकारला.

मामांना हे पटलं नव्हतं. "सिद्धी लाईन असतानी तीस किलोमीटर कायले फिरावं बाई?" त्यांचं म्हणणं साधं होतं. रूळ आधीपासून तिथेच आहेत, वाघही आहेत, इतकी वर्षं दोघं नांदलेच की.

पण ती गाडी वेगळी होती. दोन रुळांत जेमतेम एक मीटर अंतर, दिवसाला मोजक्या फेऱ्या, घाटात धापा टाकत चढणारं इंजिन. ब्रॉडगेज म्हणजे नवे बोगदे, डोंगर कापणं, आणि उत्तर-दक्षिण जोडणारा मार्ग असल्यानं रात्रंदिवस मालगाड्या. ज्या रुळावरून सांबर निवांत पलीकडे जायचं, तिथे त्याला अंदाज घ्यायलाही उसंत मिळाली नसती.

मला मात्र त्याहून मोठं कारण दिसतं ते तिथल्या कोरकू आदिवासींच्या गावांचं. देशात पहिल्यांदा जे नऊ व्याघ्र प्रकल्प झाले, त्यात मेळघाट होता. जंगल मोकळं हवं म्हणून बोरी, कोहा, कुंड इथली माणसं उठली. मागाहून गुल्लरघाट, केलपाणी, धारगडची. पिढ्यान्‌पिढ्यांचे देव, मोहाची झाडं सोडून ती अकोट-तेल्हाऱ्याच्या काळ्या मातीत आली. सगळ्यांना ती मानवली नाही. 2019 च्या जानेवारीत काही कुटुंबं परत जंगलात गेली आणि वनखात्याशी झालेल्या संघर्षात दोन्हीकडची माणसं जखमी झाली. ज्या जंगलासाठी माणसांकडून घरदार मागितलं, त्याच जंगलातून मालगाड्या नेल्या असत्या तर त्या माणसांच्या डोळ्यांना डोळा भिडवता आला नसता. आपण तीस किलोमीटर फिरायचं, एवढंच तर मागणं आहे.

कोणी म्हणेल, रूळ जंगलातूनच नेऊन खालून प्राण्यांना वाट ठेवता आली असती. पेंचजवळ 44 क्रमांकाच्या महामार्गाखाली तशा वाटा ठेवल्या, त्यातून वाघ ये-जा करताना कॅमेऱ्यात दिसले. चांगलंच काम आहे ते. तरी दुसरी वाट नसेल तिथला हा इलाज. मेळघाटला दुसरी वाट होती. शिवाय जंगलात स्टेशनं नावापुरती होती. सोनाळा, जामोदच्या माणसांना ही गाडी दवाखान्याला, कॉलेजला, बाजाराला उपयोगी पडणार आहे.

या वळशाचीही किंमत आहे, आणि ती शेतकरी देणार आहे. कुणाचं वावर रुळानं मधोमध चिरलं जाईल, कुणाची विहीर एका बाजूला आणि कपाशी दुसऱ्या बाजूला राहील. त्यांचा मोबदला वेळेवर आणि पुरता मिळाला पाहिजे, बैलगाडी जाईल असे पूल हवेत. सातपुड्याच्या पायथ्याचे ओढे-नाले अडणार नाहीत, रात्री त्यातून जनावर खाली उतरू शकेल, हेही आराखड्यातच असावं. रूळ पडल्यावर मग कोणी ऐकत नाही.

आणि काम लवकर व्हावं. आपल्याच भागात, अमरावती-अकोल्याच्या रस्त्यावर 2022 च्या जूनमध्ये 75 किलोमीटरचा डांबरी पट्टा 105 तास 33 मिनिटांत अंथरला गेला, त्याचा जागतिक विक्रम झाला. रेल्वेचं काम तसं होत नाही, मान्य. पण जंगल वाचवल्याची शिक्षा म्हणून वऱ्हाडानं वर्षानुवर्षं गाडीची वाट पाहावी, असंही नको. तसं झालं तर पुढच्या वेळी इथला माणूस जंगलाची बाजू घेणार नाही.

मामा आता ऐंशीच्या घरात आहेत. जामोदवरून खांडव्याला जायला ते तयार झालेत. परवा त्यांनी विचारलं, "सातपुडा कोन्त्या खिडकीतून दिसन?"

जाताना उजवीकडच्या, मी म्हटलं.